देव्हाऱ्यातली सुपारी

तीर्थरूप तात्या,

आज आपल्यावरच संशय घेण्याची वेळ आली आहे, आणि तो आपल्याखेरीज कोणापाशी बोलावा हे कळत नाही. मंडईजवळच्या आपल्या दुकानात सुपारीला कीड लागू नये म्हणून आपण ती उन्हाळ्यात गच्चीवर वाळवीत असा, डब्यांत कडुनिंबाचा सुकलेला पाला घालीत असा, आणि तरीही कोणी पूजेसाठी मागितली की एकेक सुपारी कानाशी नेऊन हलवीत असा. "अहो, ही नको. हिच्यात कोणीतरी बिऱ्हाड थाटलंय." किडक्या सुपारीवर देवाचे आवाहन करू नये, हा आपला दंडक. माझ्या लग्नात आपण जी सुपारी हातावर ठेवलीत, तीच आजवर माझ्या देव्हाऱ्यात गणपती म्हणून पूजेला आहे.

गेल्या आठवड्यात तिच्याखालच्या तांदळांवर तपकिरी भुकटी दिसली. देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात सूनबाईने घरपोच मागवलेले बदाम असतात; त्यांत बारीक तांबूस भुंगेरे निघाले. मी म्हणालो, "तुझ्या बदामांनी देव बाटवला." ती शांतपणे म्हणाली, "बाबा, की तुमच्या देवानं माझे बदाम?"

रागाच्या भरात मी सुपारीवरचे कुंकवाचे थर ओल्या कापसाने पुसून काढले. एक ताजे छिद्र होतेच. त्याच्या शेजारी दुसरे होते, जुने, मेणाने बुजवलेले, अगदी तळच्या थराखाली. म्हणजे माझ्या हाती येण्याआधीचे.

आपल्याला ठाऊक होते तर. दुकानभर निर्दोष सुपाऱ्या असताना मला हीच का? की ती आपल्या स्वतःच्या देव्हाऱ्यातली होती, आणि गिऱ्हाइकाला लावलेला दंडक आपल्या देवाला लावणे आपल्याला जमले नाही?

शास्त्राप्रमाणे तिचे विसर्जन व्हायला हवे. तसे सांगून मी ती पिशवीत घालून निघालोही. पुलाच्या कठड्याशी बराच वेळ उभा राहिलो आणि परतलो. "काही दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवू. अळ्या मरतात, औषध मारायला नको," सूनबाई म्हणाली. सध्या आपला गणपती मटारच्या पिशवीशेजारी आहे. स्नान करून मी बंद दारालाच हात जोडतो. उघडले तर गारवा जातो म्हणून ती रागावते.

आपण आता नाही; हे पत्र कोठे धाडायचे नाहीच, म्हणून लिहितो. मेण मी आजच आणून ठेवले आहे.