बाकावरून दिलेला पास

प्रिय ऑर्विलदादा,

पेपरातला फोटो पाहून तू वहिनींकरवी ‘म्हातारी अजून खेळते काय?’ असं विचारलंस, म्हणून हे लिहावं लागतंय. तुझा गुडघा, वहिनींचा दमा आणि गाभण गायी ठीक असतील असं धरून चालते. मी ठणठणीत आहे. नसते तर हे घडलंच नसतं.

शनिवारी आम्ही (म्हणजे कॉलेजच्या बास्केटबॉल संघातल्या मुली; मी सहायक कोच, बाकावर) एका गुणाने पुढे होतो. शेवटचे काही सेकंद उरले असताना समोरच्या संघाने आमच्या बाकापुढून आडवा पास टाकला. असा आळशी पास मी पोलंड, हंगेरी, तुर्कस्तान, जिथे जिथे मला हंगामभर ठेवून घेतलं (दुसऱ्या हंगामाला कोणी ठेवलं नाही), तिथे कधी सोडला नव्हता. डोकं बाकावरच राहिलं, हातपाय पुढे गेले. मी रेषेच्या आत पाऊल टाकून चेंडू अडवला आणि पळत्या मार्नीच्या हातात नेमका दिला. तिनेही मागे न बघता बास्केट केली. रागावू नकोस, पण माझ्या सगळ्या कारकिर्दीतला तो सर्वात देखणा पास होता. प्रेक्षक उभे राहिले. (खेळायचे त्या दिवसांत माझ्यासाठी बसमध्येही कोणी उठलं नाही.)

मग शिट्टी वाजली. पंच जवळ येऊन शांतपणे म्हणाला, ‘‘बाई, तुम्ही नक्की कोणत्या टीमच्या?’’ हा प्रश्न मला परदेशात क्लबांचे मॅनेजरसुद्धा विचारत. बास्केट रद्द झाली, समोरच्यांना फ्री थ्रो मिळाले, आम्ही एका गुणाने हरलो. मार्नी रडत होती. पास तरी बरा होता ना, असं मी विचारलं.

‘‘कोच, तुमच्या वयाला असा पास बेकायदाच आहे,’’ ती म्हणाली.

आता गटातला शेवटचा सामना उरला. तो हरलो तर मार्नीचं खेळणं कायमचं संपलं. ती यंदा पदवी घेऊन बाहेर पडते आणि माझ्यासारखं गावोगाव हिंडायचा तिचा विचार नाही. (शहाणी आहे.) मला त्या सामन्याला यायला बंदी केली आहे.

तुझी,
लोर्ना

ता. क. मी नसल्याने डावपेच अडणार नाहीत. मुख्य कोच ब्रॅडी माझे डावपेच विचारतच नाही.

आणखी ता. क. माझं खरं काम वेगळं. पंचाचा राग आला की ब्रॅडी मैदानात धावतो, आणि मी मागून कमरेचा पट्टा धरून त्याला खाली बसवते. या वेळी त्याला बाहेर काढलं तर मुलींजवळ कोच म्हणून कोणीच उरत नाही. तू जन्मभर वळू आवरलेस. बाकामागच्या रांगेत बस आणि त्याला धर. त्याची परवानगी घेतली आहे. लाथ मारत नाही.

वहिनींच्या हाती दिलं: मागच्या रांगेचं तिकीट, एक. ब्रॅडीचा पट्टा, एक, तुटलेला. तू कॉलर धर.