गयाबाईंचा ठावठिकाणा

मंगळवार, संध्याकाळ. हिंगोली.

गयाबाईंनी बाजेवर नवी चादर टाकली होती, खास माझ्यासाठी. ती डोळ्यांसमोरून हलत नाही.

आमचा सर्वे म्हणजे दर दोन वर्षांनी त्याच माणसांकडे जायचं आणि तेच प्रश्न विचारायचे. कोणी गाव सोडून गेलं तरी पुन्हा सापडावं, म्हणून शेवटी विचारतो: तुम्ही इथे नसलात तर तुमचा पत्ता नक्की कोणाला माहीत असेल? पहिल्या वेळी गयाबाईंनी नवऱ्याचं नाव सांगितलं होतं, मागच्या वेळी कळमनुरीच्या भावाचं. आता दोघंही नाहीत. मूलबाळ तर कधीच नव्हतं. आज विचारलं तर म्हणाल्या, "तुमचंच नाव लिवा की, माय. हुडकत तं तुमीच येऊन राहिल्या."

"विचारणाऱ्याचं नाव चालत नाही, मावशी."

"मंग ऱ्हाऊ द्या. मी कुठं जाणार हाय?"

चालत नाही म्हणे! काय गरज होती मला तोंडावर बोलायची? निघताना वळून पाहिलं, तर चादरीची घडी घालत होत्या. अगदी जपून. पुढच्या वेळेसाठी?

टॅबवर ती जागा रिकामी सोडता येत नाही. आत्ता माझंच नाव टाकलं. साहेब ओरडतील, ओरडू देत. पण पुढच्या खेपेला दाराला कुलूप दिसलं, तर गयाबाई कुठे गेल्या, हे मी स्वतःलाच विचारायचं.