घड्याळं दोन काहून?

इंग्लंड,
७ नोव्हेंबर १९७६

माय, तुला अन् घरातल्या समद्यांना जयभीम.

मी बरा हाय. थंडी लई, पण खोलीत शेगडी हाय. तू बांधून दिलेली हळद अजून पुरून राहिली. तुझा गुडघा कसा हाय?

इथं काय काम करतोस, असं तू विचारलंस. काचेवर प्लास्टिकचा थर पसरवतो, सायीहून कितीतरी पातळ. तो गरम केला की आतले कण आपसूक रांगा धरतात, शेतात पेरलेल्या तासांसारख्या. पण एका तुकड्यात रांगा उभ्या, तर शेजारच्या तुकड्यात आडव्या. आपापल्या जागी दोघंही सरळ. भांडण सारं बांधावर. मला समद्या रांगा एका दिशेला आणायच्या हायेत. त्याला मंद आच लागते अन् धीर लागतो.

धीरच न्हाई मला. काल आच वाढवली अन् थर करपला. साहेबानं विचारलं, एवढी घाई कशाची? घराकडं जीव लागलाय, हे काय सांगू त्याला?

अमृतदादा अन् सोनाजी, दोघं भाऊ बराबर हायेत, असं तू कळवलंस. मंग या खेपेला दोघांची नावं एका ओळीत काहून न्हाईत? हे पत्र त्या दोघांपुढं नको, कमलकडूनच वाचून घे.

आधी तू एक घड्याळ मागितलं होतंस, भिंतीवरचं. आता दोन आण म्हणतीस. आणीन, त्यात तकलीफ न्हाई. पण माय, आपल्या घरात घड्याळ टांगायजोगी भिंत एकच होती. दुसरी कधी उभी राहिली?

तुझं लेकरू,
जळबा