उरलेली नळी

टेकाडी टोला, ता. कुरखेडा
२ एप्रिल २०२४

चि. भूपेशले डोमाकाकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सारे खुशाल. तू चंद्रपूरच्या गॅरेजात मीटर बसवते म्हणून विचारून राह्यलो. आपल्या जीपले इंजिनाची गरमी दाखवणारं मीटर घ्याचं आहे. एक नळीवालं येते, एक वायरवालं येते म्हणतेत. कोणतं घेऊ? हासू नको. मागच्या वर्षी आचलले दवाखान्यात नेताना गाडी रस्त्यातच उकळली, आन् लेकरू हाती लागलं नाई. आता पोरीचे पुन्हा दिवस भरत आले. इथी फोन लावाले टेकडीवर चढा लागते. या खेपेले मले काटा डोळ्यासमोर पायजे.

तुयी काकू भागीरथा म्हणते, इंजिन तापलं का पायाले समजते, मीटर कायले? तिचं सोड.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुया काका, डोमा

चंद्रपूर
६ एप्रिल

ती. डोमाकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

हसलो नाही. वायरवालं मीटर बॅटरीवर चालते. तुमची बॅटरी अर्धा दिवस गाडीत आन् अर्धा दिवस टीव्हीजवळ असते, म्हणून ते नको. नळीवाल्याला करंट लागत नाही. इंजिन तापलं की नळीतल्या औषधाच्या जोरानं काटा चढतो. बसच्या कंडक्टरजवळ पाठवून राह्यलो. तुमचा हात मासोळीचं जाळं विणण्यात बसलेला, सहज जमेल.

आचलताईला जपा. काकूंना नमस्कार. दोघांची माया अशीच राहू द्यावी.
आपला, भूपेश

टेकाडी टोला
१३ एप्रिल

चि. भूपेशले अ. आ.

मीटर बसवलो. लय झकास. नळी मात्र चार हात जास्त होती. जाळं विणून झालं का उरलेला दोर लोंबत ठेवाचा नाई, हे बाबानं लहानपणीच शिकवलं. म्हणून मधातली जास्तीची कापलो आन् दोन्ही टोकं आपल्या जाळ्याच्या गाठीनं बांधलो. दोन थेंब गळले, ते पुसलो.

आता गुण आयक. अकरा माणसं आन् वीस किलो मासोळ्या घेऊन भर उन्हात कुरखेड्याच्या बाजाराले गेलो, पण काटा थंडावरून हालला नाई. इतकी थंड गाडी मी जन्मात पाह्यली नाई. भेव गेलं बापा.

चंद्रपूरकडून असाच जीव लावत जा.
डोमा

चंद्रपूर
१८ एप्रिल

ती. काकांस सा. न.

अहो काका, काय करून बसले तुम्ही! ती नळी कापायची नसते, गुंडाळून ठेवायची असते. औषध गळलं की मीटर मेलं. इंजिन पेटलं तरी तो काटा थंडच दाखवीन. चूक माझी. एक ओळ लिहायची होती, लिहिली नाही.

आता वायरवालं पाठवतो. त्याची वायर कितीही कापा, जोडता येते. टीव्ही बंद ठेवा. तोवर ताईला त्या गाडीत बसवू नका, पाया पडतो.

रागावू नये.
भूपेश

गडचिरोली, दवाखाना
२४ एप्रिल

चि. भूपेशले अ. आ.

तुयी चिठ्ठी आन् नवं मीटर जवाई आज इथीच घेऊन आला. आम्ही परवाच निंघालो होतो. आचल मागं कण्हत होती, काटा थंड होता. भागीरथा म्हणे, पाय भाजून राह्यले, थांबा. मी तिले काटा दाखवलो. तिनं चालत्या गाडीची चावीच काढून घेतली. बोनट उघडतो तं नुसती वाफ. तिच्या पायाच्या हिशेबानं तीनदा थांबलो, तीनदा तलावाचं पानी घातलो. पण पोचलो.

मंग दोन दिवस कळा चालल्या. आज बाकावर बसून तुयी चिठ्ठी वाचतच होतो, तं नर्सबाई बाहेर आली. म्हणे, पोरगी झाली, नाळ कापली. मले फक्त कापली आयकू आलं. मी उभा राहून विचारलो, बाई, ती कापाची होती का गुंडाळून ठेवाची?

ती हासली नाई. तिनं मले खाली बसवलं. आतून लेकरू रडून राह्यलं होतं, चांगलं जोरानं. ते आयकून मंग मीही रडलो.

लोभ कमी करू नको. आन् पुढच्या वेळेले एक ओळ जास्त लिहत जा.
तुया काका, डोमा