पित्त आत नेणारं दार

बाबा, घरात आपण कोंकणी बोलायचो, पण लिहायला बसलं की शाळेतली मराठीच हाताशी येते.

गोवा घटकराज्य झालं तेव्हा मी नववीत होते. डिचोलीत मिरवणूक निघाली होती, शाळेच्या भिंतीवरच्या कोंकणी-मराठी वादाच्या घोषणा अजून पुसल्या नव्हत्या. तुम्ही मुळगावच्या खाणीवर ट्रक चालवायचात. आधी पाय सुजले, मग डोळे पिवळे झाले, पोट पुढे आलं. ट्रकवाल्याचं पोट फुगलंय म्हटल्यावर गावाला दारूशिवाय दुसरं कारण लागलंच नाही. आईलाही नाही. एकदाच जेवताना तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "बाय, हांव सोरो पियेना. तुका तरी खरें दिसता?" मी खाली मान घालून भात कालवत राहिले.

एका रविवारी ट्रक दारापुढे उभा होता. आईने मला सीटखाली बघायला पाठवलं. कागदात गुंडाळलेला अर्धा पाव होता, टॉवेल होता आणि एक बाटली. बूच काढून मी वास घेतला. भुंयआवळ्याच्या पाल्याचा रस, काविळीवर देतात तो. आमच्यापासून लपवून तुम्ही तो घेत होतात. मी आत जाऊन आईला एवढंच सांगितलं, "बाटली आसा." तीत काय आहे ते सांगितलं नाही. दारू असती तर ती सोडता आली असती, तुम्ही बरे झाला असता. म्हणून मला ती दारूच हवी होती. त्या दिवसापासून आईने तुमच्याशी बोलणं टाकलं. बाटलीत काय होतं हे तुम्हीही सांगितलं नाहीत. दिवाळीआधी तुम्ही गेलात.

प्रयोगशाळेत नोकरीला लागताना माझं रक्त तपासलं, त्यात यकृत खराब करणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू निघाला. मग आत्याचं तपासलं, तिच्यातही तोच. म्हणजे तुम्हा भावंडांना तो बहुतेक जन्मतानाच तुमच्या आईकडून आला आणि मला तुमच्याकडून. मी रोज एक गोळी घेते आणि कामावर जाऊन त्याच विषाणूकडे बघत बसते. तो एकटा काहीच करू शकत नाही, बाबा. रक्तातले पित्तक्षार आत घ्यायला यकृताच्या पेशीला एक दार असतं, तो त्याच दाराने शिरतो. त्याचा डीएनए अर्धवट असतो. दुरुस्ती करणारी पेशीची प्रथिनं तो आपलाच तुटलेला धागा समजून जोडून देतात, आणि मग पेशीच त्याच्या नकला काढू लागते. तिचा दोष नाही, ती आपलं रोजचं काम करते. यातला कोणता मदतनीस थांबवला तर पेशी जगेल आणि विषाणू अडेल, हे आम्ही शोधतो. बहुतेकांना हात लावला की पेशीच मरते.

गेल्या महिन्यात नारळ खवताना आई पुन्हा म्हणाली, "सोरो सोडलो आसतो जाल्यार आज जितो आसतो." या वेळी मी तिच्याजवळ बसून आत्याचं, माझं, त्या दाराचं सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

"म्हणजे तो खरें सांगतालो?"

मी हो म्हटलं. तिने खवणीवरचं खोबरं ताटात झाडलं. मग विचारलं, "आनी ती बाटली?"

मी म्हटलं, "म्हाका खबर ना."