दसऱ्याच्या आत इंजिन

२१ सप्टेंबर, रविवार
मेकॅनिक आरिफनं काळेवाडीहून आबांच्या मोटारसायकलचं इंजिन आणून दिलं. आतून पूर्ण नवं केलंय. म्हणाला, शेखरभाऊ, गाडीत मीच बसवून देतो. मी हसलो. चाकणला मोटारसायकलच्या लाइनवर अठरा वर्षं काढली राव. रोज शेकडो इंजिनं हाताखालून जातात. माझ्याकडे फक्त मागचा बोल्ट असतो, पण बाकीचं बघत तर असतो की.

धाकट्या भावाला, रणजीतला, गाडीच्या शेडच्या जागी भाड्यानं द्यायला खोली काढायचीय. आबांनी निकाल दिला, दसऱ्याला गाडी चालू झाली तर ऱ्हाईल, न्हाईतर भंगारात. ह्याच गाडीच्या टाकीवर बसून मी शाळेत गेलोय. भंगारात म्हणे. दोन दिवसांचं काम आहे.

२३ सप्टेंबर
सेकंड शिफ्ट. पाठ धरलीय. उद्यापासून नक्की.

२५ सप्टेंबर, सकाळी
इंजिन उचलायला उत्कर्षाला बोलावलं. अर्ध्यावर तिचा हात सुटला. तिच्या मते माझा. फ्रेमचा नवा रंग खरवडला. म्हणाली, आरिफला बोलवा. बायको आहे, पण विश्वास म्हणून नाही. कंपनीत इंजिन उचलायला होइस्ट असतो. इथं नाही, त्याला मी काय करू?

२८ सप्टेंबर, रविवार
इंजिन बसलं. मागचा बोल्ट पान्याला पाइप लावून असा आवळला की विषय संपला. मग पुढचा घालायला गेलो, तर भोकं जुळेनात. बोटभर फरक. लाइनवर माझ्याकडे येतं तेव्हा पुढचं सगळं जुळलेलंच असतं. ते कोण जुळवतं, कधी विचारलं नाही. मागचा ढिला करायला गेलो, तर त्याचं डोकं गोल झालं.

शेवटी पहार घातली. पुढचाही बसला. फ्रेम करकरली, पण ती जुनीच आहे.

रणजीत टेप घेऊन शेड मोजत होता. टेप माझ्या पाठीवरूनच नेला.

३० सप्टेंबर
ओव्हरटाइमला नाही म्हणता आलं नाही. आता फक्त चेन, क्लचची केबल आणि कार्ब्युरेटर. उद्या खंडेनवमी, कंपनीत पूजा झाली की सुट्टी. आख्खी दुपार माझी. घाबरायचं काही कारण नाही. जेवण गेलं नाही, ते वेगळं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
धावत घरी आलो. आईनं माझे सगळे पाने घासूनपुसून पाटावर मांडलेले. हळदकुंकू, झेंडू. मधोमध कार्ब्युरेटर, त्याच्या तोंडात अक्षता. म्हणाली, देवाला ठिवलेलं उद्याची पूजा होईस्तवर उचलायचं न्हाई. मी पाया पडलो. देवाच्या नाही, तिच्या. तिनं आशीर्वाद दिला आणि आत गेली.

शेजारी पाना मागितला. त्यांचेही पाटावर. आख्ख्या दिघीत आज एक पाना मोकळा नसेल. उत्कर्षा म्हणाली, आरिफचे असतील की. फोन हातात घेतला, ठेवला. लाइनवरचा माणूस मी, कुठल्या तोंडानं मागू?

शेडमध्ये बसून रडलो. ग्रीसचे हात तोंडाला लागले.

२ ऑक्टोबर, दसरा
पूजा झाल्याझाल्या सगळं जोडलं. कार्ब्युरेटरमधून तांदूळ टोकरून काढले. किक मारून मारून पाय गेला. गाडी साधी खोकलीसुद्धा नाही.

आबा फेटा बांधून बाहेर आले. काही न विचारता गाडीवर बसले. म्हणाले, ढकल. मारुतीच्या देवळापर्यंत ढकलली. हँडल त्यांच्या हातात, मान ताठ. लोक थांबून त्यांना सोनं देत होते. शेजारचे साहेबराव म्हणाले, पोरानं गाडी उभी केली की. आबा नाही म्हणाले नाहीत. परत येताना चढ होता. मी धापा टाकत होतो, पण मनात म्हटलं, वाचली गाडी.

दारात उतरले. टाकीवरून हात फिरवला. म्हणाले, फिटली माझी हौस. आता रणजीतला खोली काढू दे.

भंगारवाल्याला फोन मीच केला. म्हटलं, चार माणसं घेऊन ये, इंजिन बसवलेलं आहे.