शहरात बाया कुठं बसतात

अप्पा, मागच्या महिन्यात मी मायला हैदराबादला नेलं. हे तुम्हाला सांगायची इच्छा नव्हती. पण तेव्हापासून हातातलं काम सुचत नाही, आणि राग ज्याच्यावर आहे त्यालाच सांगावा, एवढं तरी शिकून मला कळलं आहे.

बकरी ईदेच्या आधी तुम्ही बोकडं लॉरीत घालून हैदराबादला विकायला जायचात आणि परत आलात की दोन दिवस ओसरीवर शहर सांगत बसायचात. मी तुमच्या पायाशी बसलेली असे. इराणी हॉटेलातलं गार दगडी टेबल, दाट चहा, खारट-गोड बिस्किट, आणि कितीही वेळ बसा, कुणी उठवत नाही अशी खुर्ची. माय चुलीपाशी भाकरी थापत ऐकतेय. एकदा ती म्हणते, "मलाबी न्या की एकडाव." तुम्ही जमलेल्या माणसांकडं बघून हसता. "तिथं हॉटेलात बाया बसत न्हाईत. तुला काय बोकडांत बांधू?" सगळी ओसरी हसते. मायसुद्धा हसते. तिनं परत कधी विचारलं नाही. तुम्ही वारलात तेव्हा मी शाळेतच होते, पण तुमचं वाक्य माझ्यापाशी राहिलं. भालकीच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेत मी ते आवाज चढवून म्हटलं, शहरात बाईला बसायला जागा नाही! टाळ्या पडल्या. घरातली पहिली पदवीधर मी, आणि ही गोष्ट खरी का खोटी ते कधी बघितलं नाही, कारण ती बापानं सांगितली होती.

बसमधून उतरली तेव्हा मायचा पदर डोक्यावर घट्ट होता. थोडं चालल्यावर ती म्हणाली, "इथं कुणीच वळखीचं न्हाई गं," आणि तिनं तो खांद्यावर पडू दिला. तिखटमीठ लावलेला पेरू तिनं चालता चालता खाल्ला. गावात रस्त्यानं खात जाणाऱ्या बाईला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. सरकत्या जिन्यावर माझा दंड धरून वर गेली आणि म्हणाली, "परत एकडाव." मग आम्ही तुमच्या त्या इराणी हॉटेलापाशी आलो. ती दारातच थांबली. "तू पिऊन ये. मी थांबते भाईर." आतून पांढऱ्या दाढीचा वेटर ओरडला, "अम्मा, बाहर कायकू खड़े? फ्यामिली उप्पर है." मायनं विचारलं, "औरतां बैठते क्या?" तो हसला. "मेरे अब्बा के टाइम से बैठते, अम्मा."

वरची खोली बायांनी भरलेली होती. कॉलेजच्या पोरी, म्हाताऱ्या, बाकावर लेकरू निजवून चहा पिणारी एक. मी मायच्या तोंडाकडं बघत राहिले. शेवटी न राहवून म्हणाले, "माय, तुला राग येत न्हाई का?"

"यायलाय की. पण चहा गार व्हायलाय."

तिनं दुसरा कप मागवला. पंख्याखाली बराच वेळ बसली. जिना उतरताना म्हणाली, "त्यास्नी इथं मी नको व्हते, एवढंच. मग तेवढंच सांगायचं की."

मला वाटतं, तेवढं सांगायलासुद्धा तिला माणूस समजावं लागलं असतं.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही आणि मायला मी ते दाखवणार नाही. त्या दिवशी ती इतकी खूश होती, की तुम्ही नाहीत याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.